देवीच्या नैवेद्याला बुटाची गाठ

आई आता बरी होऊन घरी येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दुपारी माझ्या मनात पहिला विचार आला तो एका केळ्याचा. हसू नका. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो, वसईच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करतो. 'मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की' ही ओळ माझी बोटं झोपेतही वाजवतील. दिवसभर दुसऱ्यांचं सत्य टाइप करणाऱ्या या माणसाने आपला स्वतःचा एक गुन्हा मात्र चव्वेचाळीस वर्षं कुठेही नोंदवला नव्हता. आईच्या यकृतापर्यंत आजार पोचला आहे, असं डॉक्टर समजावत होते आणि माझ्या आतला आठ वर्षांचा मुलगा मान खाली घालून उभा होता. त्याला वाटत होतं, देवीने शेवटी वसुली काढली.

गुन्हा असा. आमची वाडी लहान, पण त्या काळी तिच्यात राजेळी केळी होती आणि आई त्यांची सुकेळी करायची. ज्यांनी खाल्ली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पिकलेलं राजेळी केळं सोलायचं, मांडवावर आठवडाभर उन्हात वाळवायचं, रोज संध्याकाळी गोळा करून केळीच्या पानांत गुंडाळून ठेवायचं, सकाळी परत मांडायचं. शेवटी त्याला मधाचा रंग येतो आणि वास असा येतो की शहाणा माणूसही रस्ता विसरावा. मग ते सुक्या पानात बांधायचं आणि वरून सोप आवळायचं. सोप म्हणजे केळीच्या खोडाचा सुकवलेला धागा. त्या वर्षीचं पहिलं सुकेळं माघी पौर्णिमेला वाडीतल्या देवीला. तोवर घरात कुणी चाखायचंही नाही. नैवेद्य उष्टा होतो.

आठव्या वर्षी मी ते पहिलं सुकेळं ताटातून उचलून खाल्लं. पानासकट लपवलं, माळ्यावर गेलो, सोडलं आणि खाल्लं. मग भीती वाटली म्हणून मांडवावरचं दुसरं आणलं, त्याच पानात गुंडाळलं, बांधलं आणि ताटात ठेवलं. आईने तेच देवीपुढे नेलं. कुणाला काही कळलं नाही. त्याच पावसाळ्यात वादळ आलं आणि आमच्या चाळीसेक केळी एका सकाळीत आडव्या झाल्या. वडील म्हणाले, वारा. मला ठाऊक होतं कशाचा वारा ते. तेव्हापासून मी देवीला नमस्कार करायचो तो असा, जसा आरोपी हवालदाराला करतो. नजर चुकवून.

आईला आम्ही सेवागृहात ठेवलं. घरी तिची वेदना आम्हाला सांभाळता येत नव्हती, हे लिहायला मला आजही जड जातं. जागा फार चांगली होती. सिस्टर लोकांनी चालवलेली, एका वाडीच्या कडेला, एकमजली, पुढे पडवी आणि वर मोकळी गच्ची. तिथे बरं करायचा प्रयत्न कुणी करत नाही. दुखू नये एवढंच बघतात आणि ते मनापासून बघतात. पण आई तिथे आली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. चार दिवस. खाणं नाही, बोलणं नाही, नळी लावू देणं नाही. मी गोष्टी सांगितल्या. कोर्टातल्या नवराबायकोच्या भांडणाच्या नकला केल्या. माझ्या त्या नकलांवर वकील चहा सांडतात. आई हललीही नाही. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाली, "पौर्णिमा चुकणार आता." आणि परत भिंत.

म्हणजे तिलाही तेच केळं सलत होतं. लग्न होऊन आल्यापासून तिने एकही माघी पौर्णिमा चुकवली नव्हती.

आई आमच्या घरच्या बोलीत बोलायची. ती जशीच्या तशी लिहिली तर बाहेरचे वाचक अडखळतील, म्हणून तिचं बोलणं साध्या मराठीत उतरवतोय. त्यात तिचा अर्धा तिखटपणा गळतो, तेवढा तुम्ही आपल्या मनाने घाला.

पाचव्या दिवशी सकाळी पहिली गंमत झाली. तिथे रोज सकाळी पाववाला यायचा. अन्वरभाई नाव. मूळचा उत्तरेकडचा, राहायला नालासोपाऱ्याला, काम वसईतल्या एका जुन्या लाकडी भट्टीच्या बेकरीत. स्कूटरवर टोपली, टोपलीवर फडकं आणि हातात रबरी भोंगा. त्या दिवशी भोंगा वाजला आणि भिंतीकडे तोंड केलेल्या माझ्या आईने विचारलं, "ताजा आहे का रे?" मी धावत गेलो. सिस्टर ब्रिजित, त्या घराच्या प्रमुख, स्वतः चहा घेऊन आल्या. पावाचा कोपरा चहात बुडवून मी तिच्या ओठांशी नेला. तिने खाल्ला. एक कोपरा, मग दुसरा. मोठ्या मेजवान्या पाहिल्यात मी, पण चहात भिजलेल्या पावाचा एवढा सोहळा कधी पाहिला नव्हता. सिस्टर ब्रिजित तोंड फिरवून उगाच पडदा सारखा करत राहिल्या.

त्या दोन कोपऱ्यांनी माझ्या डोक्यात हवा गेली. मी ठरवलं, सुकेळी मीच करणार. इथेच, या गच्चीवर. पौर्णिमेला नऊ दिवस होते. आमच्या वाडीत राजेळी केव्हाच संपली होती, विहिरीला खारं पाणी लागल्यापासून; त्यानंतर आई दर वर्षी घड कुठून मिळवायची, ते मी कधी विचारलंच नव्हतं. म्हणून मी बाजारात गेलो, चांगला भरघोस, पिवळाधमक घड निवडला, रिक्षात मांडीवर घेऊन आणला आणि दिग्विजय करून आलेल्या सरदारासारखा आईपुढे ठेवला. तिने एक डोळा उघडला. घड पाहिला. मला पाहिलं. मग तिच्या छातीतून एक विचित्र आवाज यायला लागला. मी घाबरून सिस्टरना हाक मारणार, तेवढ्यात कळलं की ती हसतेय.

"अहो वकीलसाहेब," ती म्हणाली, "ही भुरकेळी आहेत. वाळवून बघा, लगदा होईल. वाडीत जन्माला आलात ना?"

सिस्टर ब्रिजितही हसल्या, कारण त्या जवळच्याच गिरीज गावच्या, वाडीवाल्यांच्याच घरातल्या. केळ्यातला असा अडाणी त्यांनीही पाहिला नव्हता. खोलीतल्या दुसऱ्या बाईंची सूनही हसली. मला रागच आला नाही. आठवड्यापूर्वी कुणी म्हटलं असतं की तुझी आई हसेल, त्यासाठी तू सगळ्या तालुक्यापुढे गाढव ठर, तर मी आनंदाने ठरलो असतो. आणि झालं असं की माझ्या त्या चुकीमुळेच सिस्टरना कळलं की आम्हाला काय हवंय. त्यांच्या भावाच्या वाडीत अजून दोन राजेळीची बेटं होती आणि एक घड पिकत घातलेलाही होता. दुसऱ्या दिवशी तो आला. मी पैशाचं विचारलं तर भाऊ म्हणाला, आजारी आईच्या देवाला केळं विकू होय?

मग सुरू झालं आईचं राज्य. तिच्या खाटेला चाकं होती. रोज सकाळी दोघी मदतनीस बाया तिला पडवीत आणायच्या, ऊन पायांवर येईल अशी. तिथून ती हुकूम सोडायची आणि मी जिना चढउतर करायचो. दोन बाकांवर बांबूच्या काठ्या टाकून मी गच्चीवर मांडव केला. केळं कसं सोलायचं इथपासून माझं शिक्षण झालं. नखाचा ओरखडा दिसला की ते केळं बाद. बाद केळी मी खायची. त्यामुळे पहिल्या दिवशी मला जेवावं लागलं नाही. सिस्टर ब्रिजित सांगायच्या, आमच्याकडे दुसऱ्या दिवसापासून पलटतात. आई सांगायची, तुमच्याकडे पलटत असतील, म्हणूनच तुमची काळी पडतात. यावर दोघींचा वाद. आजारी माणसाला बोलायचे श्रम होऊ देऊ नयेत, असं सिस्टरच इतरांना सांगत, आणि आईशी भांडायला मात्र औषधाचा ट्रे हातात धरून दहा दहा मिनिटं उभ्या राहत. मला वाटतं, त्या ट्रेमधलं सर्वांत गुणकारी औषध तेच होतं.

औषधांनी आईच्या बोटांची जाणीव गेली होती. आयुष्यभर तिने सुकेळं दाबून पारखलं, आता बोटांना कळेना. तिसऱ्या दिवशी तिने दोनदा दाबून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. मला वाटलं, आता परत भिंत. पण तिने ते केळं उचललं आणि गालाला लावलं. डोळे मिटून थोडा वेळ धरलं. "अजून ओलं आहे," म्हणाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी एकेक केळं तिच्या गालाशी न्यायचो आणि ती निकाल द्यायची. शेवटी तिच्या गालावर गोड चिकटपणा यायचा. मग मी कोमट पाण्यात रुमाल बुडवून तो गाल पुसायचो. आईचा गाल मी त्याआधी कधी पुसला होता, मला आठवत नाही. तिने माझा किती वेळा पुसला असेल, तेही आठवत नाही. आठवायचं राहूनच गेलं होतं.

पाचव्या दिवशी आभाळ भरलं. माघात, वसईत, काळं आभाळ. दुपारपर्यंत भुरभुर सुरू झाली. मी मांडव उचलून जिन्यात घेतला, पण सुकेळ्याला पाचव्या दिवशी ऊन मिळालं नाही की ते आंबतं. कोंदट हवेत वास बदलायला लागलाच होता. पौर्णिमा तिसऱ्या दिवशी. आईने हळूच भिंतीकडे तोंड केलं.

त्या वेळी मी जिन्यात बसून देवीशी बोललो, ते बोलणं फार शोभेचं नव्हतं. मी म्हटलं, चोरी माझी आहे. माझ्या नावाने काय करायचं ते कर, तिचं ताट का रिकामं ठेवतेस? इतकी वर्षं मी तुझ्याकडे सरळ बघितलं नाही, हे कबूल. आता बघतोय. मला यातलं काही जमत नाही. मी केळंसुद्धा ओळखू शकत नाही. यापुढचं तू बघ.

एवढं म्हणून मी नाक पुसलं आणि फाटकात स्कूटर थांबली. अन्वरभाई. तो दुपारी कधी येत नसे. सकाळी टोपलीवरचं फडकं पडवीत विसरला होता, ते न्यायला आला होता. जिन्यात केळ्यांच्या काठ्या घेऊन बसलेलं मला बघून त्याने विचारलं, "क्या हुआ साहब?" मी सांगितलं. त्याने एक केळं उचलून हुंगलं आणि म्हणाला, "दोन वाजता आमची भट्टी बंद होते. आग नसते, पण पोटात ऊब राहते, संध्याकाळपर्यंत. गाव में मेरी अम्मा सेवई ऐसेच सुखाती थी. द्या माझ्याकडे."

मी काही सिद्ध करायला निघालो नाही. फडकं विसरणं ही रोजची गोष्ट आहे. मी फक्त घडलं ते सांगतोय.

पण पावाच्या भट्टीत देवीचा नैवेद्य? मी आईकडे गेलो, भीतभीतच विचारलं. ती भिंतीकडून वळली ती पूर्ण वळली. "रोज त्याच्या भट्टीचा पाव मी खाते," ती म्हणाली, "आणि देवी माझ्याहून सोवळी आहे का? सांग त्याला, ताटं मागे ठेव, झाकण थोडं उघडं ठेव. फुगवायचं नाही म्हणावं, पाव नाहीये तो."

अन्वरभाईने दारातून हात जोडून हुकूम घेतला. ताटं त्याने राखेने घासून घेतली. ते दोन दिवस माझी सुकेळी स्कूटरच्या टोपलीत बसून, भोंगा वाजवत, बेकरीत गेली आणि संध्याकाळी परत आली. दुसऱ्या संध्याकाळी त्याने फडकं बाजूला केलं तेव्हा आख्खी पडवी वासाने भरली. मधाचा रंग. सिस्टर ब्रिजितनी क्रुसाची खूण केली आणि म्हणाल्या, "आजी, हरले मी. आमची एवढी होत नाहीत." आईने एक गालाला लावलं. खूप वेळ धरून ठेवलं. मग मान हलवली. डॉक्टर त्या वेळी फेरीवर होते. त्यांनाही थांबून वास घ्यावा लागला.

पौर्णिमेची सकाळ. आभाळ स्वच्छ. पहिलं सुकेळं मी सुक्या पानात गुंडाळलं, सोप आवळलं, गाठ मारली आणि ताटात ठेवून आईपुढे धरलं. आता ते घेऊन वाडीतल्या देवीकडे जायचं होतं. आणि माझे पाय निघेनात. चोराच्या हातचा नैवेद्य. आज सांगितलं नाही तर मग कधी सांगणार होतो? मी खाटेशी गुडघे टेकले. दिवसभर दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं लिहिणारा मी, माझं पहिलं वाक्य काही मला सापडेना. एवढंच म्हटलं, "आई, मी आठ वर्षांचा होतो तेव्हा."

ती माझ्याकडे बघत नव्हती. ताटाकडे बघत होती. तिच्या ओठांचे कोपरे थरथरत होते.

"अजून तीच गाठ," ती म्हणाली.

मी खाली पाहिलं. सोपाला मी फुलपाखरासारखी गाठ मारली होती. दोन कान बाहेर काढून. बुटाच्या लेसची. शाळेत पहिल्यांदा बूट मिळाले त्या वर्षी शिकलेली, तीच एक गाठ मला येते. आमच्या घरात सोप पीळ देऊन आत खोचतात, गाठ मारतच नाहीत.

"तुला माहीत होतं?"

"देवीच्या नैवेद्याला बुटाची गाठ," आई म्हणाली, "आणि मला कळणार नाही? मी तसंच नेलं. तिला सांगितलं, यंदा पोराने बांधलंय, गोड मानून घे."

"आणि वादळ?"

"वारा आला. देवी काय एका केळ्यासाठी चाळीस झाडं पाडते? ती काय तुझ्या कोर्टात बसते?" मग जरा दम घेऊन म्हणाली, "पुढच्या वर्षापासून मी दोन आधी बांधायला लागले. एक देवीचं. एक तांदळाच्या डब्यात, चोराचं."

आता मला तुम्हाला पुढचं सांगायला हवं, आणि सांगताना आजही माझे कान तापतात. मी एकदा चोरी करून थांबलो नव्हतो. नवव्या वर्षी तांदळाच्या डब्यात मला एक बांधलेलं सुकेळं सापडलं. मी ते पळवलं. दहाव्या वर्षी परत सापडलं. अकराव्या, बाराव्या. कॉलेजात गेल्यावरही माघी पौर्णिमेच्या सकाळी मी तांदळात हात घालायचो. दर वर्षी मला वाटायचं, मी फार हुशार चोर आहे, आणि दर वर्षी वाटायचं, पाप वाढतंय. वर्षानुवर्षं माझ्यासाठी आठवणीने ठेवलेली वस्तू मी चोरून, घाबरत, अंधाऱ्या माळ्यावर खात होतो.

मी रडलो. आई हसत होती आणि तिचं हसू खोकल्यात जात होतं. मला म्हणाली, ऊन चढतंय, नीघ. गाठ सोडून पीळ देऊ का, विचारलं, तर म्हणाली, राहू दे, ती ओळखते.

वाडीत गेलो. देवीपुढे ताट ठेवलं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या डोळ्यांकडे सरळ पाहिलं. शेंदराचे डोळे, चांदीची बुबुळं. काही चमत्कार झाला नाही. कावळा ओरडला नाही, फूल पडलं नाही. मला फक्त एवढं वाटलं की ती हसू दाबतेय, आणि बराच काळ दाबतेय.

प्रसाद घेऊन परत आलो. नखाएवढा तुकडा आईच्या जिभेवर ठेवला. ती चघळू शकत नव्हती, तो तिने विरघळू दिला. सगळे उभे होते. सिस्टर ब्रिजित, मदतनीस बाया, माझी बायको, मुद्दाम थांबलेला अन्वरभाई. एवढे लोक श्वास रोखून माझ्या कुठल्याच नकलेला उभे राहिले नव्हते. बऱ्याच वेळाने आईने निकाल दिला, "गोड आहे. सोलताना घाई केलीस." मग तिने उरलेला प्रसाद सगळ्यांना वाटायला लावला, आणि अन्वरभाईला दोनदा.

पौर्णिमेनंतर आई अठरा दिवस होती. भिंतीकडे तोंड करून ती परत झोपली नाही. रोज सकाळी पावाचा एक कोपरा, रोज संध्याकाळी सुकेळ्याचा एक धागा जिभेवर. खाटेवरून तिने सिस्टर ब्रिजितना पीळ देऊन खोचायला शिकवलं. गेली ती सकाळी, पडवीत, पायांवर ऊन असताना. भोंगा वाजला तेव्हा तिने डोळे उघडले होते, एवढं मी पाहिलं. माझा हात तिच्या गालावर होता.

आता मी तिच्याबद्दल बोलताना लोकांना वाटतं मी रडेन, आणि मी हसायला लागतो. त्यांना कसं सांगावं की मी जिंकलोय. मी ज्याला शिक्षा समजत होतो ती शिक्षा नव्हती, आणि ज्याला चोरी समजत होतो ती चोरी नव्हती. कुणीतरी दर वर्षी न बोलता ठेवत होतं. माझं काम फक्त हात पुढे करायचं होतं, तेवढंही मी अपराध्यासारखं केलं. शरण जाणं म्हणजे फार मोठं काही असतं असं मला वाटायचं. जिन्यात नाक पुसत 'मला जमत नाही' म्हणण्याइतकं ते सोपं निघालं.

सिस्टरच्या भावाने राजेळीचा एक कोंब दिला होता. तो मी वाडीत लावला, गोड्या पाण्याची बादली स्वतः वाहून जगवला. यंदा त्याला घड आला. सुकेळी केली. ऊन भरपूर होतं, तरी एक ताट मी अन्वरभाईच्या भट्टीत पाठवलंच, आणि एक पुडकं सिस्टर ब्रिजितना. माघी पौर्णिमेला पहिलं देवीपुढे ठेवलं, दोन कानांची गाठ मारून. दुसरं तांदळाच्या डब्यात. दुपारी बायको झोपल्यावर मी ते काढलं, माळ्यावर गेलो, दाराकडे पाठ केली आणि उभ्याने खाल्लं. वय वर्षं चौपन्न. खाली आलो तर बायकोने डोळे न उघडता विचारलं, "सापडलं का?"